बुधवारची पात

चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता रूपाली इंग्रजी बोलत होती, आणि ओट्यावर विळ्याला धार लावता लावता व्यंकटी कान टवकारून ऐकत होता. त्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण कळत नाही म्हणून सोडून देणाऱ्यातला व्यंकटी नव्हे. गावात पहिलं मळणीयंत्र आलं तेव्हा आतले दात कसे फिरतात ते बघायला हा गडी त्याच्याखाली शिरला होता, आणि ड्रायव्हरनं चार शिव्या हासडून त्याला पायाला धरून बाहेर ओढलं होतं.

"ऑन मंडे. ऑन ट्यूजडे. इन ऑक्टोबर. ॲट टेन ओक्लॉक." रूपालीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"रूपाली," व्यंकटीनं विळा खाली ठेवला. "मंडे म्हंजी सोमवार, ते मला ठावं हाय. पण त्याच्या म्होरं हे ऑन कामून लावून राहिलीस?"

"लावावंच लागतं, मामा. वार असला, तारीख असली की ऑन. महिना असला, साल असलं की इन. घड्याळातली येळ असली की ॲट."

"ऑन म्हंजी काय?"

"वर. टेबलावर पुस्तक, तसं. इन म्हंजी आत."

व्यंकटी विचारात पडला. दिवसाच्या वर बसायचं आणि महिन्याच्या आत शिरायचं. दिवस म्हणजे जणू बैलगाडी आणि महिना म्हणजे घर. विचार वाईट नव्हता. हे ज्यानं बसवलं असेल त्यानं काहीतरी डोकं लावलंच असणार.

"आन् सकाळ?"

"इन द मॉर्निंग."

"रात्र?"

"ॲट नाईट."

"हे कसं?" व्यंकटी उठून चुलीपाशीच आला. "सकाळच्या आत शिरायचं आन् रात्रीच्या न्हाई? रात्रीनं काय घोडं मारलं?"

"तसंच हाय ते, मामा. त्याला कारण न्हाई."

"कारण असतंय. तुला कुणी सांगितलं नसंल."

"आवो, पोरीला भाकरी करू द्या!" आतून त्याची बायको सरजाबाई ओरडली. तिचा गुडघा गेल्या वर्षापासून धरला होता, पण आवाज चांगला शाबूत होता. "परीक्षा तिची हाय का तुमची?"

परीक्षा म्हणावी तर ती परीक्षाच होती. जळकोटच्या एका इंग्रजी शाळेत मास्तरणीची एक जागा निघाली होती. रूपालीला बुधवारी सकाळी दहाला बोलावलं होतं. पाचवीच्या वर्गापुढं उभं राहून धडा घेऊन दाखवायचा आणि धडा कोणता, तर वार-तारखांच्या आधी कोणता शब्द लावायचा तो. रूपाली किनवटकडची. वसतिगृहात राहून शिकलेली, हुशार. गेल्या वर्षी लग्न होऊन या घरात आली. तिचा नवरा, म्हणजे व्यंकटीचा मुलगा नागसेन, लातूरला एका वर्कशॉपात कामाला होता, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. एवढं शिकून पोरगी सोयाबीनच्या शेंगांनी हात सोलून घेते, याचं सरजाबाईला फार वाईट वाटे. पण तिचा गुडघा धरल्यापासून वारंगुळ्यात तिच्या जागी जाणार तरी कोण?

वारंगुळा म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात. मजुरीचा संबंध नाही. माणसाच्या बदल्यात माणूस आणि दिवसाच्या बदल्यात दिवस. गावात हे पूर्वापार चालत आलेलं, पण बौद्धवाड्यातल्या कुणाला त्यात कधी कुणी बोलावलं नव्हतं. व्यंकटीचा बाप दुसऱ्याच्या रानात मजुरीनं गेला, व्यंकटी गेला, सरजाबाई गेली. ओढ्याकाठच्या त्यांच्या स्वतःच्या पट्टीत मात्र दुसऱ्या कुणाच्या विळ्याचा आवाज कधी झाला नाही. मग एका सुगीत माणसं मिळेनाशी झाली आणि मोठ्या घरची विठाबाई स्वतः चालत त्यांच्या दारात आली. "सरजा, आमच्या वारंगुळ्यात येतीस का?" म्हणाली. त्यांच्या रानाची पाळी आली तेव्हा ती तिथं उकिडवी बसली, दिवसभर सोयाबीन काढलं आणि त्यांच्याच घागरीतलं पाणी मागून प्याली. त्या दिवशी सरजाबाईला आनंदानं जेवण गेलं नाही. व्यंकटी तर त्या रात्री उगीचच रानात जाऊन बांधावर बसून आला.

म्हणून या घरात सगळं इकडचं तिकडं झालं तरी वारंगुळ्याचा दिवस बुडत नसे.

या सुगीला सोमवारी विठाबाईचं रान होतं आणि मंगळवारी व्यंकटीचं. बुधवार मोकळा होता. सगळं कसं जुळून आलं होतं. पण रविवारी तिसऱ्या प्रहरी उदगीरच्या अंगानं आभाळ चढलं आणि पावसानं शिवार झोडपून काढलं. सोमवारी सकाळी रानात पाय घालता येईना. उभं सोयाबीन भिजून काळवंडलं होतं. आणखी एक पाऊस झाला असता तर शेंगेतच कोंब फुटले असते.

रत्नम्मा निरोप घेऊन आली. ती देगलूरकडची, वारंगुळ्यातलीच, आणि तिच्या बोलण्यात तिकडचे शब्द यायचे. "विठाबाईनं सांगितलंय, मंगळवारी रान सुकू द्या. बुधवारी तिचं, गुरुवारी तुमचं. आभाळ अजून हाय म्हणती, अण्णा. कुणी मागं राहू नका."

रत्नम्मा गेली. बुधवारीच तर रूपालीला शाळेत बोलावलं होतं.

"मी शाळंत फोन करते," रूपाली म्हणाली. "दुसरा दिवस द्या म्हणते."

तिनं फोन केला. पलीकडून कुणीतरी दोन वाक्यांत उत्तर दिलं. रूपालीनं फोन खाली ठेवला आणि ती परातीत पीठ घेऊ लागली.

"काय म्हणले?" सरजाबाईनं विचारलं.

"बाकीच्या पोरी बुधवारी येऊन राहिल्यात म्हणले. यायचं तर या." मग मान खाली घालून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आत्या. मी रानात जाते. पुढल्या साली निघंल जागा."

व्यंकटी तिचे हात बघत होता. शेंगांच्या टोकांनी बोटांना चिरा पडल्या होत्या आणि त्यात पीठ भरत होतं. त्याच्या मनात आलं, त्या शाळेचा बुधवार खुंट्याला बांधल्यासारखा आहे, पाऊस येवो की गारा पडोत, जागचा हलत नाही. आणि आपला सोमवार पावसानं हाकलला की बुधवारी जाऊन उभा राहतो. हे दोन्ही बुधवार एकाच माणसाच्या नशिबी यावेत, याला काय म्हणावं? त्यानं पायात वहाणा घातल्या आणि तो विठाबाईच्या घराकडं निघाला.

विठाबाई अंगणात ताडपत्रीची भोकं शिवत बसली होती. बाजूला तिचा मुलगा भुजंग मोटारसायकल धूत होता. व्यंकटी ओट्याच्या कडेला टेकला आणि त्यानं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "तेवढं बुधवारी आमचं धरा, विठाबाई. आमच्या रानात रूपाली नसली तरी आमचंच नुकसान. गुरुवारी ती तुमच्याकडं येतीच."

"तुमची पट्टी ओढ्याकाठची, दादा," विठाबाई म्हणाली. "ती बुधवारपातूर सुकती का? माझं माळाचं रान. ते आधी सुकंल."

हे खरं होतं.

"आये, मी म्हणलं व्हतं तुला," भुजंग पाण्याचा डबा आपटून म्हणाला. "ह्या लोकायला मजुरीनं सांगावं. वारंगुळा म्हणलं की जिम्मेदारी आली. ती ह्यायला पेलती का?"

व्यंकटीचे कान तापले. बापाच्या वेळेपासूनची उत्तरं त्याच्या तोंडात गोळा झाली. पण इथं एक शब्द वाकडा गेला असता तर ओढ्याकाठच्या पट्टीत पुन्हा कुणी आलं नसतं. त्यानं सगळं गिळलं आणि तो विठाबाईकडं बघत राहिला.

"तू गाडी धू," विठाबाई मुलाला म्हणाली. मग सुई थांबवून व्यंकटीला म्हणाली, "दादा, मला दुसरं काही कळत न्हाई. माणसाच्या बदल्यात माणूस पायजे."

"मग मी येतो."

भुजंग हसला. "बायाच्या पातीत?"

गावात हे हसण्यासारखंच होतं. सोयाबीनची एकेक पात, म्हणजे एकेक ओळ, धरून बाया काढत जात, गडी मागून ढीग उचलत, त्यांची गंजी म्हणजे बनीम रचत, मळणी करत. गडीमाणूस बायांच्या ओळीत उकिडवा बसला असं कुणी पाहिलं नव्हतं.

"पात सोयाबीनची हाय," व्यंकटी म्हणाला. "तिला काय ठावं कोण बसलंय."

विठाबाईनं सुई ताडपत्रीत खोचली. "या. पण धरलेली पात पुरी करावी लागंल. मग म्हणू नका, वय झालं म्हणून."

घरी रूपालीनं ऐकलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "मामा, लोक हसतील तुम्हाला."

"हसू दे. हसल्यानं दिवस बुडतो का?" व्यंकटी म्हणाला. "तू त्या रात्रीचं कारण तेवढं इचारून ये. तिथं मोठी माणसं असतील."

बुधवारी रूपालीनं लग्नातली हिरवी साडी नेसली आणि ती टमटममध्ये बसून जळकोटला गेली. व्यंकटी हातात नागसेनचे जुने पायमोजे चढवून विठाबाईच्या रानात बायांच्या ओळीत जाऊन बसला.

"अगं बया!" रत्नम्मानं तोंडाला पदर लावला. "अण्णा, तुमचा पदर कुठाय?"

"धुवायला टाकलाय," व्यंकटी म्हणाला. ओळीत हशा पिकला आणि कामाला सुरुवात झाली.

पहिल्या तासातच व्यंकटीला कळलं, आपण आजवर काय बघत होतो आणि काय बघत नव्हतो. उभ्यानं ओझं वाहणं वेगळं आणि उकिडवं बसून कोंबडीसारखं सरकत जाणं वेगळं. मांड्या भरून आल्या. वाळल्या शेंगा पायमोज्यातून टोचत होत्या. बाया गप्पा मारत पुढं सरकत होत्या आणि त्यांच्या पाठी हळूहळू लांब जात होत्या. ही सरजा इतकी वर्षं असंच करत आली, आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा चुलीपुढं बसली. गुडघा धरला तर आपण तिला म्हणालो, म्हातारी झालीस. त्याला स्वतःची लाज वाटली.

दुपारी लिंबाखाली भाकरी खायला बसल्यावर रत्नम्मानं विषय काढला. "अण्णा, सून तिथं काय शिकवती?"

मग काय! व्यंकटीचे दुखते पाय एकदम बरे झाले. त्यानं हातवारे करून सांगितलं. दिवसाला ऑन, महिन्याला इन, घड्याळाला ॲट. इंग्रजीत नुसता वार बोललं तर तो उघडा पडतो, आधी हे टोपडं घालावं लागतं.

"मग नागपंचमीला काय घालायचं?" रत्नम्मानं विचारलं.

"सण एका दिवसाचा. ऑन."

"मृगात?"

"ते लई दिवस चालतंय. इन असंल."

"आन् कासराभर दिवस वर आला म्हंजी?"

व्यंकटी अडकला. कासराभर दिवस, म्हणजे क्षितिजापासून सूर्य दोरीएवढा वर आलेला. ती घड्याळातली वेळ आहे की नाही? इंग्रजी लोकांकडं कासरा असतो का? यावर बायांनी चांगला वाद घातला. एकीनं तर विचारलं, येळवसेला आपण सगळे रानात जेवायला येतो, तिथं दिवसबी हाय आन् अमुशाबी हाय, मग दोन टोपडी घालायची का? व्यंकटी म्हणाला, हे रूपालीला विचारून सांगावं लागेल. एवढे प्रश्न एका दुपारी त्याला आयुष्यात कुणी विचारले नव्हते.

विठाबाई बाजूला बसून हे सगळं ऐकत होती. बाया उठू लागल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "दादा, आमचे मालक गेले, त्या दिवसाला काय लावायचं?"

कुणी हसलं नाही. व्यंकटीनं जरा विचार केला.

"दिवस हाय, विठाबाई. ऑनच."

"ऑन," विठाबाईनं एकदा म्हणून पाहिलं आणि विळा उचलला.

दिवस कलला तेव्हा बायांच्या पाती पुऱ्या झाल्या. व्यंकटीची बरीच उरली होती. रानात तेवढीच एक ओळ उभी होती. बाया बांधावर जाऊन कंबरा सरळ करत होत्या. भुजंग बनीम रचायला आला होता, तो काम थांबवून हातावर हात बांधून उभा राहिला. रत्नम्मा विळा घेऊन पुढं झाली, तशी विठाबाईनं तिला हात आडवा केला.

"त्यांची पात हाय. त्यांनी शबूद दिलाय."

व्यंकटीनं मान वर केली नाही. डोळ्यांत घाम उतरत होता. एका पायमोज्याला भोक पडून अंगठ्यातून रक्त येत होतं. उभं राहून दोन पावलं चालला असता तर सगळं संपलं असतं, आणि मग भुजंगाचं बोलणं खरं ठरलं असतं. तो सरकत राहिला.

तेवढ्यात गाडीवाटेनं कुणीतरी पळत आलं. रूपाली होती. चपला हातात, हिरव्या साडीचा ओचा वर खोचलेला. तिनं कुणाला काही विचारलं नाही. रत्नम्माच्या हातातला विळा घेतला, पातीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि सासऱ्याच्या दिशेनं काढत निघाली.

"आता तिला बी करा की हात आडवा," रत्नम्मा विठाबाईला म्हणाली.

"तिला कशी आडवू? दिवस त्यांच्या घरचा हाय," विठाबाई म्हणाली.

सासरा इकडून, सून तिकडून. सोयाबीनची उभी ओळ दोन्हीकडून कमी होत गेली आणि शेवटचं झाड रूपालीनं काढलं. दोघंही धापा टाकत समोरासमोर बसले. व्यंकटीच्या मनात विचारायचं होतं एक, आणि तोंडातून आलं भलतंच.

"रात्रीचं कारण कळलं का?"

रूपाली हसली. "हेडमास्तरांना इचारलं. त्यायलाबी न्हाई ठावं."

"बघ. म्हणलं नव्हतं मी?"

"मामा, त्यांनी म्हणलं, पुस्तकातलं न्हाई, सवताचं वाक्य सांगा." तिचे डोळे भरून आले होते. "मी फळ्यावर लिहिलं, ऑन वेन्सडे माझे सासरे माझ्या जागी सोयाबीन काढतात. पोरं हसली. मग मी त्यायला वारंगुळा सांगितला. मागल्या बाकावर विठाबाईंच्या घरची सुकन्या व्हती. ती उठून म्हणली, ते आमचं रान हाय, मॅडम."

सुकन्या म्हणजे भुजंगाची मुलगी. त्याच शाळेत पाचवीत होती, रोज पिवळ्या बसनं जायची. बांधापलीकडं भुजंगानं हातांची घडी सोडली आणि उगीचच ताडपत्री ओढू लागला.

"मग?" व्यंकटीनं शेवटी विचारलं.

"सोमवारपासून या म्हणले."

व्यंकटीनं पायमोजे काढले, पुन्हा हातात घातले आणि पुन्हा काढले.

विठाबाई पातीतून चालत आली. "सोमवारपासून शाळा, मग वारंगुळ्यात तुमच्याकडून कोण?"

"मी," व्यंकटी म्हणाला. "हळू हाय, पण येतो."

"बरं." विठाबाईनं काढलेल्या ढिगाकडं पाहिलं. "माणूस एक ठरला व्हता. आज दोघं बसले. जादाचं माझ्याकडं ठेवून घ्यायची मला आदत न्हाई." ती वळली आणि बांधाकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "भुजंगा! उद्या येंकटीदादाच्या रानात माझ्यासंगं तू बी. पातीत बसायचंय."

"आये, मी बनीम—"

"बनीम त्यांची ते रचतील. माणसाच्या बदल्यात माणूस."

गुरुवारी आभाळ मोकळं होतं. दिवस उगवायला बाया ओढ्याकाठच्या पट्टीत उतरल्या. रूपालीनं आपली नेहमीची पात धरली. सरजाबाई गुडघा लांब करून बांधावर घागरीपाशी बसली होती. विठाबाईच्या मागून भुजंग आला आणि कडेला उभा राहिला. कुठं बसायचं, विळा कसा धरायचा, काहीच त्याला सुचेना. रत्नम्मानं तोंडाला पदर लावला, पण आज ती काही बोलली नाही.

व्यंकटी जरा सरकला आणि त्यानं शेजारच्या पातीत जागा दाखवली. खिशातून नागसेनच्या पायमोज्यांचा दुसरा जोड काढून त्याच्यापुढं धरला. "घाल. लई टोचतंय."

भुजंगानं मोजे हातात चढवले आणि तो उकिडवा बसला. दोघं काढत पुढं सरकू लागले. मग मान वर न करता भुजंग हळूच म्हणाला, "दादा, सुकन्या काल सारखं तेच घोकून राहिली. ते ऑन आन् इन. मला इचारती, मला तर काही येत न्हाई."

"सोपं हाय," व्यंकटी म्हणाला. "पात सोडू नको, सांगतो."